डावी, उजवी

फाटकाच्या किल्ल्या माझ्या कमरेला असतात.
एकूण सात. त्यातल्या दोन कशाच्या
ते कुणालाच माहीत नाही.
फाटकाआड नऊ हजार हेक्टर ओल,
आणि ती राखल्याचा पगार
दर महिन्याच्या चार तारखेला बासेलहून येतो.

त्याआधी मी याच डोंगरात कौलं काढायचो.
आलेर्सेचं लाकूड इतकं सरळ मनाचं
की पाचर ठोकली
की वहीचं पान सुटावं तसं कौल सुटतं.
आजोबा कौलं मोजून मीठ आणायचे, पीठ आणायचे.
माझ्या आईच्या बाप्तिस्म्याचे पैसेही
पाद्रीबाबांनी कौलांतच घेतले. चाळीस.
त्यातली तीन चिरलेली निघाली
म्हणून कुरकुरतच पाणी शिंपडलं.

रेतोसाहेबांनी डोंगर विकत घेतला तेव्हा
गावात कुणी म्हणालं, खाली सोनं असणार.
कुणी म्हणालं, नदी बाटल्यांत भरून नेणार.
एरमिंदा म्हणाली,
कुऱ्हाडवाल्यालाच राखणीला ठेवतोय,
म्हणजे एक तर खुळा, नाहीतर फार हुशार.
कानात घालायच्या यंत्रांचा त्यांचा कारखाना.
स्वतःही बहिरे. दोन्ही कानांत आपलाच माल.

आले एकदाच. मे महिना,
नालकाची छत्रीएवढी पानं चिखलात लोळलेली.
म्हाताऱ्या झाडापाशी पोचायला साडेतीन तास लागले.
वय किती, त्यांनी विचारलं.
तीन हजार म्हणतात, मी म्हणालो,
मी मोजलं नाही, मोजायला पाडावं लागेल.
ते हसले. यंत्रं काढून खिशात टाकली.
यात पाऊस तळल्यासारखा वाजतो, म्हणाले.
मग खोडावरच्या शेवाळात मनगटापर्यंत हात घालून
उभे राहिले, बराच वेळ. मला थंडी वाजत होती.

तेवढ्यात चुकाओ ओरडला.
मुठीएवढा पक्षी, गळा तांबडा,
आवाज रिकाम्या पिंपात दगड पडावा तसा.
उजवीकडून ओरडला तर वाट चांगली,
डावीकडून ओरडला तर मुकाट घरी जावं.
हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं होतं.
माझी मान वळलेली दिसली तसे
ते झाडाकडे पाठ करून माझ्या समोर आले,
आणि नुसत्या ओठांनी विचारलं:
कुठून?

ओरडला होता डावीकडून.
मी उजवा हात वर केला.
त्यांनी तो पाहिला, टोपी नीट केली,
चला, परत फिरू या, म्हणाले.

ऑक्टोबरात पाकीट आलं, काळ्या कडेचं,
त्यातच संस्थेचा अहवाल.
आमच्या जंगलाने यंदा किती टन कार्बन धरून ठेवला
ते त्यात दशांशासकट आहे.
पगार चालू राहील. पुढील सूचनेपर्यंत.

माझ्या घरावर आता पत्रा आहे.
कौलं काढायला बंदी, पडलेल्या झाडाचीसुद्धा,
आणि ती पाळली जाते का हे बघणारा मीच.
पत्र्यावर पाऊस लागला की
एरमिंदा आणि मी खुणांनी बोलतो,
मीठ दे, दार लाव, झोप आता.
लाकडी कौलांखाली तो ऐकूच यायचा नाही,
सकाळी दार उघडल्यावर कळायचं.

परवा वरच्या ओढ्यात एक ओंडका दिसला,
माझ्या जन्माआधीच्या वणव्यातला. वरून कोळसा.
नखाने टोकरलं. आत अजून तांबडा, अजून सरळ.
पाचर जवळ नव्हती.
असती तर
असो.

तिथेच बसून भाकरी खाताना ध्यानात आलं:
साहेब माझ्या समोर उभे होते.
माझी डावी ती त्यांची उजवी.
पक्षी त्यांच्यापुरतं चांगलंच बोलला होता.
वाईट बाजू दाखवली ती मी.

एरमिंदाला सांगितलं रात्री.
पत्रा वाजत होता.
तिने मिठाचा डबा पुढे सरकवला.