ओढा बंद केला तो दिवस

एकोणीसशे तीसचा ऑक्टोबर. केंटकीच्या डोंगरात
आमच्या दोन लॉऱ्या चिखलात रुतल्या.
एक माझी : आत बॅटऱ्या, तारांची भेंडोळी
आणि तान्ह्या पोरासारखा दुपट्यात गुंडाळलेला मायक्रोफोन.

बोलपट नुकता बोलायला लागला होता.
कॅमेरा घुरघुरतो म्हणून त्याला खोक्यात कोंडलेला,
आणि नटांना ताकीद : बोलाल ते रवीच्या डेऱ्याशी बोला.
डेऱ्यात लोणी नव्हतं, माझा कान होता.

गोष्ट साधी. दोन घराणी, एक जमीन,
चौदा मुडदे, शेवटी लग्न.
गर्दीला गावचीच माणसं घेतली, दिवसाला दीड डॉलर :
अर्धे टॅकेट, अर्धे साइझमोर.
ती एक्क्याऐंशी सालापासून एकमेकांशी बोलत नाहीत
हे आम्हाला कोणी सांगितलं नाही.
आम्हीही विचारलं नव्हतं.

पुरात ओढ्याने कूस बदलली होती
आणि टॅकेटांचा पाच एकर मका
एका रात्रीत पलीकडच्या काठाला जाऊन बसला.
शेजारी बांध कोरतो, हे जगभर चालतं.
इथे पाण्यानेच कोरला.
पाण्यावर फिर्याद कशी करणार?
म्हणून साइझमोरांच्या थोरल्यावर गोळी झाडली.

लांबची दृश्यं आधीच उरकली, मुकी.
मग बोलण्याची पाळी आली, आणि माझ्या कानात नुसतं पाणी.
नायिका म्हणते ‘बाबा’, त्यावर पाणी.
बंदुकीचा चाप ओढला जातो, त्याखाली पाणी.
मी म्हणालो, ओढा बंद करा.
दिग्दर्शक हसला. घड्याळात पाहिलं. हसायचा थांबला.

दोन्ही काठांवरून माणसं धोंडे घेऊन उतरली,
आपापल्या काठाने, पाठीला पाठ.
पण मधला धोंडा एकट्याच्या बापाला उचलेना.
होबार्ट टॅकेटने एका बाजूने हात घातला,
दुसऱ्या बाजूने ईनॉक साइझमोरने,
आणि कोणीतरी म्हणालं, “जरा डावीकडे.”
मला डेऱ्यातून स्वच्छ ऐकू आलं.
फिल्म महाग, म्हणून यंत्र बंद होतं.

पाणी आटलं. तळात चिखल, खेकडे,
एक गंजका नांगर, दांडीशिवाय.
ऑर्लीना टॅकेट, वय ऐंशीच्या घरात,
बूट हातात घेऊन पात्राच्या मधोमध जाऊन उभी राहिली,
इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.
तोवर साइझमोरांच्या दोन गाई
ओल्या वाळूवरून पलीकडे चरायला गेल्याही होत्या.
त्यांना कोणी हाकललं नाही. तेवढा एक दिवस.

दुपारी गोळीबार. खोटी काडतुसं.
ईनॉकने आपली बंदूक उघडून पाहिली,
मग होबार्टची मागितली, तीही पाहिली,
परत दिली, आणि ठरल्या जागी जाऊन मेला.
वाईट मेला. पडताना टोपी सावरली.
दिग्दर्शकाने चार वेळा मारला त्याला.

संध्याकाळी धोंडे काढले.
पाण्याने आपली जागा घेतली,
माणसांनीही.

कॅलिफोर्नियात साहेबांनी पट पाहून फर्मावलं :
ओढा दिसतो पण ऐकू येत नाही, प्रेक्षक बहिरे झाल्यासारखे वाटतात.
मुदत दोन दिवसांची.
मी घरी न्हाणीघरात मायक्रोफोन नेला आणि नळ सोडला,
कमी, जास्त, मध्ये टबात थोडे गोटे टाकून.
बायको दाराशी उभी राहून म्हणाली, अंघोळ कधी करायची?

पुढच्या वसंतात तिथल्या पोस्टमास्तरचं पत्र आलं.
तालुक्याच्या थिएटरात खेळ लागला होता.
मधली वाट सोडून डावीकडे टॅकेट, उजवीकडे साइझमोर,
लग्नाच्या दृश्यालाही कोणी टाळी वाजवली नाही.
फक्त दुसऱ्या रिळात, पाणी पहिल्यांदा वाजलं तेव्हा,
ऑर्लीना अंधारात मोठ्याने म्हणाली,
“हा आमचा ओढा नव्हे.”
आणि उजवीकडून, पोस्टमास्तर लिहितो, ईनॉक म्हणाला,
“नव्हेच.”