शुभेच्छुक

तुर्भे स्टोअरच्या नाक्यावर फ्लेक्स लागलाय.
गॉगल घातलेला मल्लेश धोत्रे, नववी ब,
मागे आग, बाजूला वाघ,
वर लिहिलंय : क्वारीचा किंग.
खाली पासपोर्टएवढे चौकोन.
मी पिशवी फुटपाथवर ठेवून मोजले.
फैजान हजर. बाबू राठोड हजर. लहान्या हजर.
महिनाभर माझ्या पटावर ज्यांच्यापुढे फुल्या,
ती सगळी इथे रांगेत,
कुणी कुणाला ढकलत नाही.

'हार्दिक'मधला दि दीर्घ काढलाय.
सातवीत शिकवला होता. मीच.

माझ्या खणात दोन कडी, एक पंच, सायकलची चेन,
अर्धं ब्लेड, आणि एक चिठ्ठी :
'टॉवरवाले. सुट्टीनंतर. टाकीमागं.'
विरामचिन्हं मात्र जागच्या जागी.

कर्कटकाने मनगटावर कोरतात
पिनकोडचे शेवटचे तीन आकडे.
फॉर्मवर पत्त्याचा रकाना तसाच कोरा.
मल्लेशचं घर दोनदा पाडलंय.

सावे सर म्हणतात, ही पोरं कामातून गेली.
चहा पिता पिता म्हणतात.
मीही पिते.

दिवाळीच्या आधी टाकीमागं झालंच.
दहावीतल्या सुजितला सतरा टाके.
साहेब आले, मोबाईलवर फ्लेक्सचा फोटो,
दोन बोटांनी एकेक तोंड मोठं करत :
बाई, यातली तुमची कोण?
सगळी, म्हटलं.
त्यांना हे उत्तर नको होतं.
चेन कुणाची, मला ठाऊक होतं.
खणाची किल्ली पर्समध्ये होती
आणि पर्स मांडीवर.
सुजितची आई बाहेर बाकावर बसली होती,
तिच्याकडे न बघता मी वर्गावर गेले.

जानेवारीत फैजान दाराशी.
बाई, बाबूचा बड्डे. छापायच्या आधी बघता का?
मागल्या टायमाला टॉवरवाले हसले आमाला.
वर्षभरात त्याने मला तपासायला दिलेलं
हे पहिलंच काही.
काचेवर चालत नाही तरी
हात लाल पेनाकडे गेला.
'हार्दिक' बरोबर होतं.
'आधारस्तंभ'चा धा चुकला होता.
शेवटून दुसऱ्या चौकोनात,
कुठल्याशा भाईच्या शेजारी,
गॅदरिंगमधला माझा फोटो.
खाली : आदरणीय मुळिक बाई.

काढू का, बाई? त्याने विचारलं.
घंटा झाली. कॉरिडॉर भरला.

ळी दीर्घ कर, मी म्हटलं.