पाहुण्यांची वही

रविवारी सकाळी ते कोठार मीच झाडते.
ग्विलिमचं गवत असायचं इथे,
पॉविसच्या उतारावरचं सगळ्यात कोरडं.
आता छताला दिव्यांच्या माळा आणि दाराशी
पाहुण्यांची वही. झाडू भिंतीला टेकवून वाचते:

"स्वर्ग! पण टॉयलेट लांब."
"इथली शांतता विकत घेता आली असती तर!"
घेतलीत की, बाई. शनिवारची, अख्खी.
करारात बारा होते, ड्रम दोनला थांबले.
"मेंढ्यांचा वास येतो," असं कुणा रूपर्टचं मत.
मेंढ्यांचं कुणी विचारलं नाही.

इड्वालने कौन्सिलला तीन तक्रारी धाडल्या.
चौथीचं तिकीट याच झाडूच्या पैशांतलं,
हे त्याला ठाऊक नाही.

शेवटच्या पानावर नवरीचं गोल अक्षर:
"मध्यरात्री समोरच्या टेकडीवर एक दिवा
हळूहळू हलत होता. आम्ही दोघं बघतच राहिलो.
इतकं सुंदर..." पुढे शाई फुटलेली.

ती इड्वालची विजेरी.
कोकरू आडवं आलेलं, कोपरापर्यंत हात आत,
आणि तोंडात शिव्या,
तुमच्याच लग्नाला.

कोकरू जगलं.
वहीत तसा रकाना नाही.
मी बादली उचलते. कागदी पाकळ्या
ओल्या फरशीला चिकटून बसल्यात,
नखाने काढाव्या लागतात.