उलटा ळ

एप्रिल होता, त्रेचाळीस होतं.
कागद उडतात म्हणून पंखा बंद होता.
फार्मसी शिकणारा एक पोरगा आत आला, सालिम,
सोकोत्रा बेटावरचा, समुद्रापलीकडचा.
म्हणाला, काका, बहिणीची पत्रिका छापायचीय.

कन्ना चौकामागे पन्नास वर्षं मी पत्रिकाच छापतोय.
मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू.
कधी नवऱ्याकडचे एका लिपीत रुसतात,
नवरीकडचे दुसरीत.
लिपीच नसलेलं लग्न मात्र कधी आलं नव्हतं.

वरचं सगळं अरबीत, म्हणाला,
आत फक्त एक ओळ आमच्या बोलीत.
लिहीत नाही ती कोणी. घरात बोलतो,
शेळ्यांशी बोलतो. शाळेत नाही.

मग सख्ख्या बहिणी सांगितल्या, बोटं मोजत :
मेहरी, हरसूसी, होब्योत,
शहरी (पण शहराची नव्हे हं, डोंगरातली),
आणि बथारी. ती बोलणारी माणसं
आमच्या बोळात विड्या वळणाऱ्या बायकांहून कमी.
आणि अरबी? मी विचारलं.
ती चुलत. श्रीमंत.
तिच्याच दारात राहतो आम्ही.
हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

ओळ साधी होती :
घरात आग आहे, पाणी आहे, या.

पाणी म्हणजे रिहो. ते बसलं.
आग अडली.
त्याने जीभ टाळूला टेकवली, ल म्हणताना टेकवतो तशी,
आणि कडेकडेने नुसता वारा सोडला.
ल नाही, श नाही, स तर नाहीच.
मांजराने फिसकारावं, पण राग नसताना.
कवळी सांभाळत मी तीनदा करून पाहिलं.
टेबलभर थुंकी.
तो हसला. आमची लहान पोरंही आधी असंच करतात, म्हणाला,
हल्ली श म्हणून मोकळी होतात.
हिब्रूत म्हणे या आवाजाचं अक्षर उरलंय,
आवाज कधीच निघून गेला.
म्हणजे तिथे रिकामं घर
आणि इथे हा माझ्यासमोर बिनघराचा,
घाम पुसत उभा.

ट्रेडल मी भंगारात दिलं. खिळे दिले नाहीत.
जुळारी होतो तेव्हापासून ळ च्या खणावर माझा जीव.
आमच्यात लग्न म्हणजे पेळ्ळि, पाणी म्हणजे नीळ्ळु,
एकेका शब्दाला दोन दोन लागतात.
नात पाणी म्हणते.
पेळ्ळि कळतं तिला, पण उत्तर मराठीत येतं,
आणि मीही पुढे मराठीतच बोलत राहतो,
हे कबूल करायला हवं.

एक ळ उचलला. उलटा धरला.
डोक्यावरची रेघ पायाखाली गेली,
दोन गोल वर आले, गाल फुगवल्यासारखे.
म्हटलं, हा घे. आजपुरता हाच तुझा आवाज.
त्याने बराच वेळ बघितलं.
मग बोट ठेवून वाचलं : आग.
बरोबर वाचलं.

बाकी मजकूर कॉम्प्युटरवर झाला, जागा सोडून.
साठ पत्रिका, साठ वेळा
खिळा शाईत टेकवायचा, अंगठ्याने दाबायचा.
शेजारी टॉवेलचे माग खटखटत होते,
त्यांच्या धक्क्याने अकरा वाकड्या आल्या.
त्याने वाकड्याही नेल्या.
पैसे घेतले मी. कमी घेतले, पण घेतले.

पुढे काही कळलं नाही.
पत्रिका पोचल्या की बंदरात भिजल्या,
मांडवात कोणाला त्या खुणेचं काय वाटलं,
की शेळीने खाल्ली एखादी.

तो एक ळ मी परत त्याच्या खणात टाकला नाही.
सरळ धरला की नुसता ळ आहे,
माहीत आहे मला.
तरी कोपऱ्यातल्या रिकाम्या खणात तो एकटा ठेवलाय.
खणावर चिठ्ठी डकवायची राहिली आहे.
काय लिहावं,
कशात लिहावं,
ठरत नाही.