झडती

शेवंता, गुडघा वर घेऊन बस नीट,
सरबत मी करते.
बाहेर जेलरोडवर चैत्राचं ऊन,
एक्केचाळीस म्हणतोय पेपर,
आणि तुझ्या दारातला कडुनिंब फुलून बसलाय
जसं काही त्याला कुणी बघायला येणार आहे.

तिकडे येतात.
निळं मेणकापड अंथरून, डबे घेऊन,
चपला ओळीत काढून
झाडाखाली बसतात माणसं
आणि झाडाकडे बघतात.
मनवाने मलाही बसवलं
फुकुओकात, एका नदीच्या काठी.
मी म्हटलं, आता पुढे काय?
पुढे काही नाही, मावशी.

एक पाकळी पडली मांडीवर.
मी उचलली, उजेडात धरली.
हस, हस.
एकतीस वर्षं नोटा उजेडात धरून
तार, जलचिन्ह, फिकी पडलेली शाई शोधणारे हात,
त्यांना दुसरं काय येतं?
पाकळीच्या टोकाला खाच होती.
खराब म्हणून बाजूला ठेवली.
दुसरीलाही खाच. तिसरीलाही.
पन्नासेक तपासल्या तेव्हा कळलं,
खाच हीच तिची खूण.
नसती, तर खोटी.

मग बोटीने कोरियाला.
समुद्र राखाडी, धुणं भिजत घातलेल्या पाण्यासारखा,
मनवा सगळा वेळ आडवी, तोंडाशी पिशवी,
आणि मी आपली काचेपाशी दशम्या खात.
उतरल्यावर फाटक दिसलं
आणि माझे दोन्ही हात आपोआप वर गेले.
कुणी सांगितलं नव्हतं गं.
पाळी सुटली की आपण उभ्या राहायचो तशी मी उभी,
पाय फाकवून, पदर झटकून,
घ्या झडती, बाई.
गणवेशातली पोरगी गोंधळली,
मग कमरेत वाकली.
मीही वाकले. ती पुन्हा वाकली.
मागे रांग खोळंबली.

बुसानमधलं खरं सांगायचं तर
डोंगरावरची रंगीत घरं मला आठवत नाहीत,
देऊळ आठवतं थोडं, पायऱ्या फार.
आठवते पैसे बदलायची खिडकी.
आतल्या बाईने नोटा पंख्यासारख्या उघडल्या,
चार-चार करून सोडल्या बोटाखालून,
आणि मध्येच अंगठा थांबला.
डोळ्यांना अजून दिसलं नव्हतं.
अंगठ्याला कळलं होतं.
मी काचेवर टकटक केली,
माझा अंगठा दाखवला, त्यावरचा घट्टा.
तिने तिचा दाखवला.
एवढ्या हसलो आम्ही
की शेजारच्या खिडकीतला साहेब वळून बघू लागला.
काय बोललात तुम्ही, म्हणून मनवा
रात्री जेवतानाही विचारत होती.
काय सांगू?
तुझंच नाव सांगितलं असतं, तू असतीस तर.

हे घे. पाच येनचं नाणं, मधोमध भोक.
तुझ्या आईने गणूच्या करदोट्यात ओवला होता ना
भोकाचा पैसा, तसंच.
चालत नाही इथे. चालायला आणलंच नाही.

आणि हे बघ.
करोडो गेले आपल्या हाताखालून,
कागदाचा कपटा घरी आणला नाही कधी.
या वेळी पर्सच्या आतल्या कप्प्यात
चोरून आणल्यात पाकळ्या.
चार विमानतळ झाले, कुणी विचारलं नाही.
मला जरा वाईटच वाटलं.
वाळल्यात आता, चहाच्या भुकटीसारख्या.

तू चष्मा पदराला पुसतेस.
एक उचलतेस, चिमटीत, कडेला धरून,
खिडकीकडे नेतेस.
बराच वेळ.
मग काही न बोलता ठेवतेस
डावीकडच्या ढिगात.
डावीकडचा ढीग कुठला
ते तुला आणि मलाच ठाऊक.

प्रेसचा भोंगा झाला.
आपण दोघींनी उगाच घड्याळात पाहिलं.