चरबी फेकू नको

वादळाला तीन दिवस झाले, वीज नाही.
फ्रीझरमधलं पाणी दारापर्यंत ओघळत आलं
तेव्हा तो पुडा बाहेर काढावाच लागला.
पांढऱ्या कागदावर तुझं तिरकं अक्षर:
रानहंस, दोन. चरबी फेकू नको.

दोन हिवाळे गेले, ओनेझिम,
मी त्याला हात लावला नव्हता.

अंगणात शेगडी, जाड बुडाचं पातेलं, तेलात पीठ.
आता ढवळायचं, नुसतं ढवळत राहायचं.
आधी वाळूचा रंग, मग शेंगदाण्याच्या कुटाचा,
मग झिजल्या तांब्याच्या नाण्याचा,
मग आपल्या बायूच्या तळातल्या गाळाचा.
तिथे थांबायचं. जरा पुढे गेलं की राख.
कुंपणापलीकडून रोझेमा हाका मारतेय, मारू दे.
डोळे वाहतायत,
पुसायला हात मोकळा नाही.
कांदा पडतो, पातेलं फुत्कारतं.

सगळी गल्ली आज आपापला फ्रीझर शिजवतेय.
एव्हारिस्टकडे हरीण, समोर बदकं,
रोझेमाने धुरावलेलं सॉसेज आणलं, हातभर,
विचारलंही नाही, माझ्या गम्बोत कापून टाकलं.

जेवताना नोएलीच्या दाताखाली कट्‌कन वाजलं.
तिने बोटाने काढून बशीच्या कडेला ठेवला
मोहरीएवढा छर्रा.
ज्याला सापडेल त्याने भांडी घासायची,
हा तुझा कायदा.
तिला कुठून ठाऊक असणार? तेव्हा पाळण्यात होती.
मी बोलले नाही.
भांडी मीच घासली, कंदिलाच्या उजेडात,
चरबी सुटता सुटेना.

पहाटे वीज आली.
फ्रीझर घुरघुरू लागला, रिकामाच.