चोवीस

सकाळपासून जाळीच्या अलीकडे उभी होते,
टेबल नंबर सात.
गळ्यात कार्ड : राजव्वा येमूल, मोजणी प्रतिनिधी.
फोटोत मी कुणाच्या तरी मयताला आल्यासारखी.

गड्डम वकिलांनी मला का धाडलं, तर म्हणाले,
राजव्वा, तुझे डोळे नुसता कट्टा बघून सांगतात
आत विड्या किती.
खरं आहे. बत्तीस वर्षं झाली.
रोज हजार. पंचविसाचा एक, असे चाळीस कट्टे.

मशीनची मतं तीन वाजता संपली.
आम्ही तीन मतांनी पुढं.
दोन लाख माणसं सोलापूरच्या उन्हात उभी राहिली
आणि फरक एका रिक्षात बसेल एवढा.
बाहेर आमची पोरं हलगी शेकत होती.
समोरच्यांनी अर्ज दिला :
टपालाची मतं पुन्हा मोजा.

टपालाची मतं म्हणजे मास्तर, पोलीस,
अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं.
सही नाही, बाद.
सही आहे, साक्षीदाराचा शिक्का नाही, बाद.
एका कागदावर कुणीतरी कापऱ्या हातानं
तेलुगूत नाव काढलं होतं, एकेक अक्षर गोल गोल,
सगळा जन्म त्या नावात बसवल्यासारखं.
तेही बाद.

आमच्याकडं याला छाट म्हणतात.
चेकर मूठभर विड्या बाजूला टाकतो,
त्यांची मजुरी देत नाही.
विड्या मात्र ठेवून घेतो.

टेबलावरचा कारकून कोवळा पोरगा,
ओल्या स्पंजावर बोट टेकवत
आमच्या नावाचे गठ्ठे रचत होता.
पंचवीस. पंचवीस. पंचवीस.
चौथा ठेवला
आणि तोंडातून शब्द आधी गेला, मन मागून पोचलं :
साहेब, त्यात एक कमी आहे.

आमचीच माणसं माझ्याकडं वळली.
कोंडय्यानं दंडाला चिमटा काढला.
पोरानं मोजलं. चोवीस.
परत मोजलं.
चोवीस.

मग बाकीच्या टेबलांवर काय काय निघालं, मला ठाऊक नाही.
रात्री अकराला माईकवर आकडा आला :
आम्ही दोन मतांनी मागं.
वकील म्हणाले, तुझ्यामुळं नव्हे गं.
पण हिशेब मलाही येतो की.
दोनातलं एक माझंच.
परतताना रिक्षात जागा होती,
कुणी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी ब्रँचवर
चेकरनं माझा कट्टा हातात तोलला,
छाटीकडं हात नेला.
मोज, म्हटलं.
काय?
सगळ्यांसमोर मोज. एकेक.
रांगेतल्या बायका गप्प झाल्या,
कुणाची तरी कैची तेवढी खाली पडली.

घरी आले. दारावरून त्यांची मिरवणूक गेलेली.
भिजत घातलेल्या तेंदूवर
गुलालाचा एक ठिपका.
पदरानं पुसला.
पान चांगलं होतं.